शेतकरी झालेल्यांची आत्मकथनं वाचताना जमाखर्चाचं पान आधी शोधा

प्रश्न थोडक्यात परत मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. विचारणारे पुण्यात आयटीत आहेत, सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतात, वय 39, बायकोही नोकरी करते, मुलगी सातवीत. नोकरी सोडून चार एकरांवर शेतकरी झालेल्या कुणाचं तरी आत्मकथन त्यांनी दोन रात्रींत वाचून काढलं आणि आता दिवाळीपर्यंत राजीनामा द्यायचा विचार आहे. आजोबांची जमीन कुळकायद्यात गेली, म्हणजे कसणाऱ्या कुळाच्या नावावर झाली, त्यामुळे सातबाऱ्यावर नाव नाही. गाठीला पैसे आहेत. विचारलंय की हे जमेल का, किती जमीन पुरेल, आणि बायकोला पटत नाहीये तर तिला ते पुस्तक वाचायला देऊ का.

पुस्तकाचं नाव तुम्ही दिलेलं नाही आणि मी ओळखत बसत नाही. ही पुस्तकं मला आवडतात, मिळतील तिथून आणून वाचते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून वाटेल की बाई कसला तरी राग काढतेय. मी कर्जत तालुक्यात (रायगडचं कर्जत, नगरचं नव्हे) शेती करते. माहेर डोंबिवलीचं, लग्न होऊन इथे आले, साडेतीन एकर, खरिपात भात, भातानंतर ओलाव्यावर वाल, थोडी भाजी, दोन म्हशी. सासरे होते तोवर त्यांच्या हाताखाली शिकले, आता बरीच वर्षं कारभार माझ्याकडेच आहे. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. हे शेवटचं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

"शेती जमेल का" हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. शेती जमते हो. ऐकून घ्यायची तयारी असली आणि पाठ बरी असली तर तीन-चार हंगामांत माणसाला बऱ्यापैकी कळायला लागतं. तुम्हाला विचारायचंय ते असं की शेतीवर घर चालेल का, आणि पुस्तकातल्या माणसाचं चाललं म्हणजे माझंही चालेल का. याचं उत्तर पुस्तकात बहुतेक वेळा असतं, फक्त ज्या पानावर आपल्या डोळ्यांत पाणी येतं त्या पानावर नसतं, दुसरीकडेच कुठेतरी एका ओळीत असतं.

यासाठी एक जुनं उदाहरण देते. हेन्री डेव्हिड थोरो, अमेरिकेतला, 4 जुलै 1845 ला मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी जाऊन राहिला, त्याचं पुस्तक 1854 मध्ये आलं, मराठीत दुर्गाबाई भागवतांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' म्हणून आणलंय. तळं, एकांत, साधी राहणी याच्यासाठी लोक ते वाचतात. मला त्यातली हिशोबाची पानं सगळ्यात आवडतात. या माणसाने अडीच एकरांत मुख्यतः घेवडा लावला, सोबत थोडे बटाटे, मका, वाटाणे, आणि पैन्‌पैचा हिशोब छापला. शेतीचा खर्च 14 डॉलर 72½ सेंट, उत्पन्न 23 डॉलर 44 सेंट, शिल्लक 8 डॉलर 71½ सेंट. अर्धा सेंटसुद्धा सोडला नाही. खर्चातले 7.50 डॉलर, म्हणजे निम्म्याहून जास्त, नुसते नांगरटीचे, आणि त्या आकड्याच्या बाजूला त्याने शेरा मारलाय की हे जास्त झाले! हे वाचून मला इतकं हसू आलं, आमच्याकडे ट्रॅक्टरवाल्याला पैसे देताना दरवर्षी हेच ऐकू येतं. नांगर स्वतः धरला, पण जनावरं आणि माणूस भाड्याने आणावा लागला, हेही त्याने लिहिलंय.

आता पुढचं बघा. त्याच काळात गावात जमीन मोजणी, सुतारकाम आणि मिळेल ती मजुरी करून त्याने 13 डॉलर 34 सेंट कमावले. म्हणजे शेतीतून साडेआठच्या वर थोडे आणि बाहेरच्या कामातून तेरा. जमीन त्याच्या मित्राची, इमर्सनची. कपडे धुणं आणि रफू-शिवण घराबाहेर झालं आणि त्याची बिलं अजून आलेली नाहीत, असंही तो लिहून जातो. आणि दुसऱ्या वर्षी त्याने अडीच एकर केलेच नाहीत, एक तृतीयांश एकरावर आला आणि म्हणाला हे जास्त बरं चाललं. सगळं छापलेलं आहे, लपवलेलं काही नाही, पण या आकड्यांबद्दल बोलताना मी कुणाला ऐकलेलं नाही.

हे अमेरिकेतलं, पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं. आता आपल्याकडे या. केंद्र सरकारने शेतकरी कुटुंबांच्या परिस्थितीची पाहणी केली होती, नमुना पाहणीची 77 वी फेरी, 2018-19 या वर्षासाठी. देशातल्या शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न 10,218 रुपये निघालं. त्यात मजुरी-पगाराचे 4,063, पिकांचे 3,798, जनावरांचे 1,582, बाकी किरकोळ. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे जमीन आहे, ज्यांना शेती शिकावी लागत नाही, त्यांच्या घरातसुद्धा पिकापेक्षा बाहेरच्या कामाचे पैसे जास्त येतात. थोरोच्या हिशोबातही तेच होतं. आमच्याकडे वेगळं नाही, माझ्या घरात ते पैसे मास्तरांच्या पगाराच्या रूपाने येतात, शेजाऱ्यांच्या घरात मुलगा बदलापूरला कंपनीत जातो, पलीकडच्या घरात रिक्षा आहे.

म्हणून छोटा शेतकरी म्हणजे फक्त शेती करणारा माणूस हे चित्र मला पुस्तकातच जास्त दिसतं. प्रत्यक्षात तो शेती आणि आणखी एक-दोन गोष्टी करणारा असतो. आणि तुम्ही नेमकी उलटी तयारी करताय, शेतकरी व्हायला निघालाय आणि जाताना ती दुसरी गोष्टच सोडून द्यायची म्हणताय.

आता पुस्तक परत हातात घ्या, पेन्सिल घ्या, आणि तीन ठिकाणं शोधा. पहिलं, पहिल्या पाच वर्षांत किराणा कशातून आला. कुठेतरी असतंच, "सुदैवाने फ्लॅटचं भाडं येत होतं", "अधूनमधून कन्सल्टिंग करत होतो", "पत्नीने नोकरी चालू ठेवली". अर्ध्या वाक्यात उरकलेलं असतं, कारण लेखकाला ते सांगण्यासारखं वाटत नाही, आणि माझ्या मते सगळ्या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. पुस्तक लिहून, शिबिरं घेऊन, शेतावर पाहुणे ठेवून येणारे पैसेही त्यातच धरा. त्यात वाईट काही नाही, पण तो घेवड्याचा पैसा नव्हे.

दुसरं, कामाचा कर्ता कोण. आपल्या भाषेत मोठी सोय आहे, "लावणी झाली", "बेणणी (तण काढणं) उरकली" असं लिहिता येतं. कुणी केली? आमच्याकडे भाताच्या लावणीला एकरी दहा-बारा बायका लागतात, बहुतेक वाडीवरच्या ठाकर आणि कातकरी. मजुरी चारशे-पाचशे, वर चहा आणि जेवण, आणि मिळतात का तर ते त्या वर्षीच्या नशिबावर, कारण आता आजूबाजूला फार्महाऊस आणि रिसॉर्ट इतके झालेत की तिथे झाडलोट-भांडी करून महिन्याचा पगार मिळतो, चिखलात वाकायला कोण येईल, आणि का यावं. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात ती मे अखेरीला परततात, त्या मधल्या काळात मजूर शोधणं म्हणजे फोनवर फोन. "गावकऱ्यांनी खूप मदत केली" हे वाक्य तर प्रत्येक पुस्तकात असतं. गावात मदत म्हणजे सावड, तुम्ही इर्जिक म्हणत असाल. आज माझ्या लावणीला तुझ्या घरातून दोघी आल्या की उद्या तुझ्या लावणीला माझ्या घरातून दोघींनी जायचं, पाऊस असो, ताप असो. शहरातून आलेला माणूस पहिल्या वर्षी ही मदत घेतो, फेडायची असते हे त्याला कुणी सांगत नाही, मग दुसऱ्या वर्षी कुणी का येत नाही म्हणून पुस्तकात "गावाची मानसिकता" असं एक प्रकरण तयार होतं.

तिसरं, मे महिना. पुस्तकात पाऊस असतो, हिरवळ असते, पहिलं पीक असतं. एप्रिल-मे मध्ये लेखक कुठे असतो ते बघा. आमच्याकडे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि मार्चनंतर वरच्या वाड्यांना टँकर बघावा लागतो. याच्यावरच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर अवलंबून आहे.

किती जमीन पुरेल, हे पाण्यावर आणि विक्रीवर ठरतं, एकरांवर फार कमी. 2015-16 च्या कृषी गणनेत देशातली सरासरी जमीन 1.08 हेक्टर आणि महाराष्ट्राची 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. तुमच्या पुस्तकातले चार एकर काही कमी नाहीत. पण आमच्याच तालुक्यात राजनाल्याच्या पट्ट्यात, जिथे भिवपुरीच्या टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्याने येतं, तिथे उन्हाळी भातसुद्धा होतो, आणि त्याच तालुक्यात डोंगराच्या अंगाला वरकस जमीन आहे जिच्यात गवत आणि फार तर नाचणी-वरी. एजंट दोन्ही "शेतजमीन" म्हणूनच दाखवतो, आणि दाखवतो ऑगस्टमध्ये. जमीन बघायची असेल तर मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात बघा, विहिरीत वाकून बघा, आणि शेजारच्या शेतात त्या वेळी काय उभं आहे ते बघा, तुमच्याही शेतात त्याच्यापलीकडे काही उभं राहणार नाही.

आता एक एकर भाताचा हिशोब मांडते, माझ्याकडचा, बऱ्या वर्षाचा. तुमच्याकडे वेगळा येईल, जात वेगळी, माती वेगळी, पण साधारण अंदाज येतो. एकरी 12 क्विंटल भात धरा. 2025-26 च्या खरिपाला साध्या भाताचा हमीभाव 2,369 रुपये क्विंटल होता, म्हणजे 28,428 रुपये. बियाणं, टिलरने नांगरणी-चिखलणी, लावणी, खत, बेणणी, कापणी, झोडणी धरून वीस-बावीस हजार जातात. उरले सहा-आठ हजार, एका एकराचे, जूनपासून नोव्हेंबरपर्यंतचे, आणि माझ्या स्वतःच्या कामाची मजुरी यात धरलेली नाही. (थोरोनेही स्वतःची धरली नव्हती.) पेंढा म्हशींना होतो, तो वेगळा फायदा, विकत घ्यायला गेलं की त्याची किंमत कळते.

तोच भात गिरणीतून काढून, पॉलिश न करता, डोंबिवलीतल्या ओळखीच्या घरांना तांदूळ म्हणून दिला तर साडेसात क्विंटलच्या आसपास तांदूळ पडतो आणि 65 रुपये किलोने 48,750 होतात. इथे तुमचे डोळे चमकतील. पण याच्यात गिरणी आहे, पिशव्या आहेत, टेम्पो आहे, आणि सगळ्यात मोठं म्हणजे लोकांशी बोलणं आहे. तीस-चाळीस घरं बांधून ठेवावी लागतात, कुणाला जुना हवा कुणाला नवा, कुणाला पाच किलोच हवेत आणि तेही तिसऱ्या मजल्यावर. पावसाळ्यात फोन येतो की ताई तांदळात सोंडे (किडे) झाले, तर त्यांना समजावायचं की औषध मारलेलं नाही म्हणून झाले, चाळा, कडुलिंबाचा पाला घाला, आणि तरी नाराज असले तर बदलून द्यायचे. हे काम शेतातल्या कामाइतकंच आहे आणि तुमच्यासारख्या शहरातून येणाऱ्या माणसाला याच कामात खरा फायदा आहे, कारण तुमच्या ओळखी तिकडे आहेत, तुम्हाला त्यांची भाषा येते. पुस्तकातला हिरो चिखलात उभा दाखवतात. मी तुमच्या जागी असते तर तो तांदूळ विकतो कसा याच्यावर लक्ष ठेवलं असतं.

इथपर्यंतचं एवढंच की दुसरं उत्पन्न कुठून, हात कुणाचे, मेमध्ये पाणी किती आणि माल घेणार कोण, ही चार उत्तरं पुस्तकात सापडली तर ते तुमच्या कामाचं आहे. नाही सापडली तर ते वाचायला छान आहे एवढंच.

वेळेबद्दल पण बोलायला हवं. थोरोने सरळ लिहिलंय की दोन वर्षांचं मी एका वर्षात बसवलं. सगळेच बसवतात, बसवावंच लागतं, नाहीतर कोण वाचणार. पण त्यामुळे काम कसं असतं ते कळत नाही. एक उदाहरण देते. लावणीनंतर खाचरात, म्हणजे बांध घातलेल्या भाताच्या तुकड्यात, तीन-चार बोटं पाणी राहिलं पाहिजे. रात्री पाऊस उघडला आणि सकाळी जाऊन बघावं तर पाणी गायब, चिखल उघडा. मग बांधावरून वाकून चालायचं, बाहेरच्या अंगाला कुठे पाणी ठिबकतंय ते शोधायचं. बोटभर भोक दिसतं, आत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. खेकड्याचं. बाहेरून चिखलाचा गोळा मारला तर अर्ध्या तासात पाण्याने ढकलून दिलेला असतो. आतल्या बाजूचं तोंड शोधावं लागतं, ते पाण्याखाली असतं, पायाच्या अंगठ्याने चाचपडत जायचं, मिळालं की तिथे बांध कुदळीने जरा मोकळा करायचा, गवताचा बोळा आणि घट्ट माती आत ठासायची, वरून टाचेने तुडवायची. तोवर पलीकडच्या खाचराचं कमी झालेलं दिसतं. आदल्या दिवशी युरिया टाकलेला असेल तर तो खालच्या शेतकऱ्याला पोचला, त्याचा भात त्या वर्षी छान हिरवा. हे जुलै-ऑगस्टभर चालतं. पुस्तकात याची एक ओळ होते, "पाण्याचं नियोजन शिकलो".

तसाच परतीचा पाऊस. हळवा भात लवकर तयार होतो, गरवा उशिरा, निमगरवा मध्ये, आणि ऑक्टोबरात पाऊस लांबला की हळवा कापणीला आलेला असतानाच आडवा पडतो. लोंब्या पाण्यात राहिल्या की त्यांना मोड येतात. अशा वेळी काही शिकायला वगैरे मिळत नाही, नुसतं नुकसान होतं, आणि पुढच्या वर्षी थोडा हळवा थोडा गरवा असं वाटून लावायचं एवढंच हातात असतं. म्हणून तुम्ही शनिवार-रविवारी येऊन शेती शिकेन म्हणत असाल तर नका म्हणू. चिखलणी झाली आणि बायका मिळाल्या की लावणी, मग तो मंगळवार असो.

पद्धतींबद्दल कमेंटमध्ये भांडणं होणार हे माहीतेय, तरी दोन ओळी. राब भाजून, म्हणजे रोपांची जागा आधी जाळून घेऊन, रोपं करायची आमची जुनी पद्धत आहे, त्यात झाडांच्या फांद्या आणि शेण जळतं आणि मेहनत खूप. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंनी काढलेल्या सगुणा तंत्रात चिखलणीही नाही आणि लावणीही नाही, गादीवाफ्यावर थेट बी टोकतात, आमच्याकडे काहींनी धरलंय, मजूर मिळत नसतील तर बघण्यासारखं आहे. पण तणाचा बंदोबस्त आधी समजून घ्या. चारसूत्रीही आहे, ठरावीक अंतरावर लावणी आणि ब्रिकेट खत (दाबून केलेल्या खताच्या गोळ्या). कर्जतला दापोली विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे, तिथे जाऊन विचारा, चांगली माणसं आहेत. पहिल्या वर्षी मात्र शेजारी जे करतो तेच करा, त्यामुळे निदान चुकलं कुठे ते विचारायला माणूस मिळतो. सेंद्रिय की नैसर्गिक की आणखी काय ते तिसऱ्या वर्षी ठरवा.

कायद्याचं भराभर सांगते, कारण यात वकीलच लागेल. तुमच्या कुटुंबात कुणाच्याच नावावर शेतजमीन नसेल तर कुळवहिवाट अधिनियमाच्या कलम 63 मुळे तुम्हाला महाराष्ट्रात शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा मार्ग आहे. आजोबांची सगळीच गेली का, की एखादा तुकडा कुठे राहिलाय, ते गावच्या तलाठ्याकडे जुने फेरफार काढून बघा, आईकडचंही बघा. "शेतकरी दाखला करून देतो" म्हणणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नका, असे व्यवहार पुढे रद्द होतात आणि पैसे अडकतात. आमच्या भागात आदिवासी खातेदाराची जमीन परवानगीशिवाय घेता येत नाही, महसूल संहितेचं कलम 36अ आहे, एजंट विसरल्यासारखं करतो. हेही तपासा: जमीन भोगवटादार वर्ग दोनची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, वनाचा शेरा आहे का, माथेरानच्या इको-सेन्सिटिव्ह झोनमध्ये येते का, आणि बैलगाडी नाही, ट्रॅक्टर जाईल असा रस्ता कागदावर आहे का. रस्ता "आहे हो, सगळे जातात" असा असेल तर तो नाही असं समजा.

मग करायचं काय? माझं मत, राजीनामा देऊ नका. विकतही घेऊ नका. एक खरीप दुसऱ्याच्या जमिनीवर करा. खंडाने (ठरावीक भाड्याने) किंवा अर्धेलीने (निम्म्या पिकावर) वीस गुंठे-एक एकर मिळतो, कसणारा कूळ म्हणून हक्क सांगेल या भीतीने मालक नाही म्हणतात हे खरं (तुमच्या आजोबांच्या घरात ती भीती काय असते ते माहीत असेलच), म्हणून ओळखीतून जा, अकरा महिन्यांचा लेखी करार करा, नाहीतर मालकालाच शेती करू द्या आणि तुम्ही त्याच्या हाताखाली राबा, खर्चात वाटा उचला. वर्क फ्रॉम होम मिळत असेल तर जून ते ऑक्टोबर इकडे खोली घ्या, नेटवर्क आधी तपासा, पावसात वीज जाते तेव्हा टॉवरही जातो. बिनपगारी रजा मिळाली तर उत्तम. हे झाल्यावर तुमच्या हातात स्वतःचं जमाखर्चाचं पान असेल, ते पुस्तकातल्या पानाच्या शेजारी ठेवा आणि मग ठरवा.

आणि तुमचं टेस्टिंगचं काम अर्धवेळ, कंत्राटी, घरून करता येतं का ते आत्तापासून बघा. ते जमलं तर तुम्ही गावातल्या बहुतेकांपेक्षा बऱ्या स्थितीत असाल, कारण तुमची मजुरी तासाला त्यांच्या दिवसाइतकी आहे. त्याची लाज वाटायचं कारण नाही. मास्तरांचा पगार घरात नसता तर वाईट वर्षांनंतर मी पुढच्या वर्षीचं बियाणं उधारीवर आणलं असतं.

एक गोष्ट या पुस्तकांच्या बाजूने. माझे सासरे प्रत्येक खाचराला नावाने ओळखायचे, वडाखालचं, डोणीचं, म्हातारीचं, आणि कुठल्या खाचरात पाणी किती दिवस टिकतं ते सांगायचे, पण त्यांनी कधी एक ओळ लिहिली नाही, आणि आमच्या गावात कुणीच लिहिलेली नाही. बाहेरून आलेला माणूस लिहितो, कारण त्याला सगळं नवं दिसतं, तणाचं नाव, मातीचा वास, म्हातारीने दाखवलेली विळा धरायची पद्धत. ते वाचताना मला माझंच शेत परत नीट दिसतं, म्हणून मी वाचते. पण जे दोन वर्षांनी परत पुण्या-मुंबईला गेले ते पुस्तक लिहीत नाहीत. त्यांचे प्लॉट आमच्या रस्त्याला आहेत, गेट गंजलंय, ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्यात, आंब्याची कलमं रानडुकरांनी उकरलीत. राखणदाराचा पगारही बंद झालेला असतो, तोच येऊन सांगतो. पुस्तक वाचून झालं की हेही एकदा बघून जा.

आता शेवटचं, बायकोला पुस्तक द्यायचं का. द्या की. पण आधी तुम्ही स्वतः ते पुन्हा वाचा आणि त्यातली बायको कुठल्या पानावर काय करतेय ते मार्क करा. "तिने खंबीर साथ दिली" याच्यापलीकडे काही सापडतं का बघा. मजुरांचं जेवण कोण करत होतं, पाहुणे आले तर कोण उठत होतं, विहीर आटली तेव्हा घरातलं पाणी कुणी आणलं, तिची नोकरी सुटली की तिने सोडली. मी बाई म्हणून सांगते, लावणीच्या दिवशी दहा-बारा माणसांचा स्वयंपाक पहाटे चारला सुरू होतो आणि त्याची एकरी खर्चात नोंद नसते, माझ्या वरच्या हिशोबातही नाहीये, बघा परत. ही कामं तुमच्या घरात कोण करणार ते आधी ठरवा, आणि त्यातली निम्मी तुमच्या नावावर लिहून मग तिच्याशी बोला. तिला पटत नाहीये म्हणजे बहुतेक तिने हा हिशोब तुमच्या आधीच केलाय. तुम्ही शेतात असताना घरात येणारा पगार तिचाच असणार आहे, तेव्हा तो किती वर्षं चालू ठेवायचा हे तिने सांगायचं, तुम्ही गृहीत धरायचं नाही. आणि मुलगी सातवीत आहे म्हणताय, तर ती दहावीपर्यंत कुठे शिकणार याचं उत्तर घेऊनच बोलायला बसा. इकडच्या शाळा एकदा स्वतः येऊन बघा, शाळा चालू असताना, सुट्टीत नको.